घर व परसबागेतील गांधीलमाशीचे पोळे : ओळख, उपयोग आणि बंदोबस्त

शेतकऱ्याच्या घराभोवती वावरणाऱ्या कीटकांत गांधीलमाशीइतकी धास्ती दुसऱ्या कोणाची क्वचितच वाटत असेल. मृगाचा पाऊस पडून झाडे पालवली आणि अळ्या-किडे वाढले, की बडनेरा परिसरात घराच्या वळचणीला, गोठ्याच्या टिनाखाली, पऱ्हाट्यांच्या ढिगात आणि लिंबाच्या झाडात करड्या कागदासारखी पोळी वाढीस लागतात. कापूस वेचणीच्या व संत्रा तोडणीच्या दिवसांपर्यंत त्यांतील काही चांगलीच मोठी झालेली असतात. पोळे दृष्टीस पडले की बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. कोणी टेंभा पेटवून पोळ्याखाली धरतो, तर कोणी कपाशीसाठी आणून ठेवलेल्या कीटकनाशकाची बाटली काढतो. हे दोन्ही उपाय माशीच्या डंखापेक्षा अधिक घातक ठरू शकतात. शिवाय पुष्कळ वेळा ज्या पोळ्यावर हा मारा होतो, ते पोळे काढण्याची मुळी गरजच नसते.

यास्तव तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे इष्ट आहे. पहिली, प्रत्येक पोळे काढावयाचे नसते. दुसरी, जे काढावयाचे ते आगीवाचून व विषावाचून काढता येते. तिसरी, डंख झाल्यावर साधी सूज कोणती आणि जिवावरचा धोका कोणता, हे घरातील लहानथोरांस ओळखता आले पाहिजे. या तिन्हींचा विचार येथे क्रमाने केला आहे.

माशी ओळखावी

बंदोबस्ताचा विचार करण्यापूर्वी आपल्या घरी वस्तीस आलेला कीटक कोणता, हे नीट पाहून घ्यावे. आपल्याकडे सामान्यतः चार प्रकार आढळतात व लोक त्यांत पुष्कळदा गल्लत करतात.

१. कागदी पोळे करणारी लहान गांधील : ही सडपातळ असून तिची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते. रंग तांबूस, तपकिरी अथवा पिवळा असतो. तिचे पोळे एका बारीक देठाने खाली लोंबत असते. त्याची सहा कोनांची घरे उघडी असतात व माश्या पोळ्यावर बसलेल्या स्पष्ट दिसतात. घराच्या आसपास दिसणारी बहुतेक पोळी याच प्रकारची असतात.

२. मोठी गांधील : ही आकाराने दांडगी असून तिच्या तांबूस वा काळसर पोटावर पिवळा पट्टा असतो. उडताना तिचा घुमणारा आवाज लांबून ऐकू येतो. ती जुन्या भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत किंवा जमिनीतील बिळात पोळे करते. काही जातींचे पोळे बाहेरून कागदी आवरणाने पूर्ण झाकलेले असते. आत किती माश्या आहेत याचा बाहेरून अंदाज येत नाही. हिचा डंख फार वेदनादायक असतो.

३. कुंभारीण : ही एकटी राहते. ओल्या मातीच्या गोळ्या आणून भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर किंवा भिंतीला टांगलेल्या तसबिरीमागे ती मातीचे घर बांधते. तिला राखण्यासारखा कुटुंबकबिला नसल्याने ती सहसा कोणाच्या अंगावर जात नाही. तिचे घर पाडण्याचे काहीच कारण नाही.

४. मधमाशी : हिच्या अंगावर बारीक लव असते व पोळे मेणाचे असते. उंच झाडावर, पाण्याच्या टाकीला वा इमारतीला लागलेले एकच मोठे पोळे, ज्यावर माश्यांचा काळा थर पसरलेला दिसतो, ते आग्या मोहोळ होय. या लेखातील उपाय त्यास मुळीच लागू पडत नाहीत. आग्या मोहोळास छेडणे म्हणजे सर्व आळीवर संकट ओढवून घेणे होय. ते जाणकार माणसाकडूनच हाताळले गेले पाहिजे.

पोळ्यातील जीवनक्रम

गांधीलमाशी वाळलेल्या लाकडाचा, पऱ्हाटीचा किंवा कुंपणाच्या काटकीचा पृष्ठभाग आपल्या जबड्याने खरवडते. तो भुसा लाळेत मळून ती त्याचा पातळ थर देते आणि तो वाळला म्हणजे कागद तयार होतो. प्रत्येक घरात एक अंडे घातले जाते. अंड्यातून पांढरी, पाय नसलेली अळी निघते, पुढे घराचे तोंड रेशमी टोपणाने बंद होऊन आत कोष बनतो आणि त्यातून पूर्ण वाढलेली माशी बाहेर पडते. मुंग्या या पोळ्याच्या मोठ्या शत्रू होत. म्हणूनच पोळे एका बारीक देठावर टांगलेले असते, आणि माशी आपल्या पोटातून निघणारा एक द्रव त्या देठास चोपडून मुंग्यांना वर येण्यास अटकाव करते.

डंख फक्त मादीला असतो, कारण अंडी घालण्याच्या अवयवाचेच डंखात रूपांतर झालेले असते. मधमाशीचा काटेरी डंख कातडीत अडकून तुटतो व ती मरते. गांधीलमाशीचा डंख गुळगुळीत असल्याने ती तो बाहेर काढून घेते व पुन्हा पुन्हा मारू शकते.

आपल्या देशात सर्वत्र आढळणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या लहान गांधिलीचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासातून शेतकऱ्यास उपयोगी अशा दोन गोष्टी निघतात. पहिली, थंड मुलखातील गांधिलींची पोळी हिवाळ्यात आपोआप संपतात, तसे दक्षिण भारतातील या माशीचे होत नाही. तिचे पोळे वर्षाच्या कोणत्याही काळात सुरू होऊ शकते व बारा महिने नांदू शकते. म्हणून ‘थंडी पडली की जातील’ या भरवशावर दारावरचे पोळे तसेच ठेवणे योग्य नव्हे. दुसरी, पोळ्यातील राणी नाहीशी झाली तर कामकरी माश्यांपैकीच एक थोड्याच वेळात पुढे सरसावते व पुढे राणी बनून अंडी घालू लागते. यावरून हे उघड होते की चार माश्या मारून अथवा काठीने अर्धे पोळे पाडून काही साधत नाही. उरलेल्या माश्या त्याच जागी किंवा जवळच पुन्हा बांधकाम सुरू करतात, आणि दरम्यान त्या अधिक चिडलेल्या असतात.

शेतकऱ्याच्या उपयोगाची बाजू

पूर्ण वाढलेली गांधीलमाशी स्वतः फुलांतील मध व फळांचा रस यांवर जगते, परंतु तिच्या अळ्यांना मांसाहार लागतो. त्यासाठी ती दिवसभर पानापानांवर अळ्या शोधीत हिंडते, सापडलेल्या अळीचे जबड्याने तुकडे करते, त्याची गोळी वळते व पोळ्यात नेऊन पिलांना भरवते. भाजीपाल्यावरील, तुरीवरील आणि संत्र्या-लिंबाच्या कोवळ्या कलमांवरील उघड्यावर खाणाऱ्या अळ्या या रीतीने वेचल्या जातात. परसबागेत कोबी, वांगी, वाल असताना एखादे पोळे बांधाच्या झुडपात असणे म्हणजे बिनमजुरीचा राखणदार असणेच होय.

तथापि या उपयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कपाशीच्या बोंडात शिरलेली गुलाबी बोंडअळी तिच्या हाती लागत नाही. त्या किडीसाठी कामगंध सापळे, वेळेवर फरदड काढून टाकणे व शिफारशीप्रमाणे अन्य उपाय हेच मार्ग आहेत. कपाशीवर अंड्यांच्या अवस्थेतच पतंगवर्गीय किडींचा नाश करण्यासाठी जी ट्रायकोकार्डे लावतात, त्यांतून निघणारा ट्रायकोग्रामा हा अतिसूक्ष्म कीटक गांधीलमाशीच्याच गणातील आहे. तो माणसास डंख करीत नाही. एकाच गणातील एक कीटक आपण विकत आणून शेतात सोडतो व दुसरा दिसताच जाळतो, हे लक्षात घेतले म्हणजे निष्कारण पोळी नष्ट करण्यातील तोटा उमजेल.

कुंभारीणही अशीच उपकारक आहे. ती अळ्या किंवा कोळी डंखाने बधिर करून मातीच्या घरात भरते व त्यांवर अंडे घालते. संतवाङ्मयात कीटक आणि भृंग यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. कोंडलेली अळी भुंग्याच्या ध्यासाने स्वतःच भुंगा होते, असे त्यात मानलेले आहे. प्रत्यक्षात कोंडलेली अळी हे पिलाचे अन्न असते आणि बाहेर पडणारी माशी आईच्याच अंड्यातून जन्मलेली असते. दृष्टांताचा बोध आपल्या जागी कायम ठेवून, आपल्या पिकावरील अळ्या कमी करणारी ही माशी आहे एवढे ध्यानात ठेवावे.

संत्राबागेत गांधीलमाश्या पिकलेल्या फळांवर दिसतात, तेव्हा फळे त्यांनीच फोडली असा समज होतो. आंबिया बहाराच्या फळांना बारीक छिद्र पाडून रस शोषणारा कीटक हा बहुधा पतंग असतो व तो संध्याकाळनंतर येतो. दिवसा दिसणाऱ्या माश्या फुटलेल्या व गळलेल्या फळांच्या वासाने जमतात. अशा ठिकाणी गळलेली फळे रोज वेचून खोल पुरून टाकावीत. पतंगाच्या अळ्या गुळवेल व वासनवेल यांवर वाढतात, म्हणून बागेलगतच्या त्या वेली काढाव्यात. या दोन गोष्टी केल्या म्हणजे पतंगाचा उपद्रव आणि माश्यांची गर्दी दोन्ही कमी होतात.

कोणते पोळे ठेवावे, कोणते काढावे

पोळे दिसल्याबरोबर हात न घालता दोन दिवस दुरून निरीक्षण करावे व पुढील तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. पोळे माणसांच्या किंवा जनावरांच्या रोजच्या वाटेवर आहे काय? त्यास न कळत धक्का बसण्याचा संभव आहे काय? आणि घरात लहान मूल, अंथरुणास खिळलेले माणूस अथवा पूर्वी डंखामुळे गंभीर त्रास झालेली व्यक्ती आहे काय?

तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर पोळे राहू द्यावे. उंच झाडाच्या शेंड्याकडे, वापरात नसलेल्या कोपऱ्यात अथवा धुऱ्यावरील झुडपात असलेले लहान गांधिलीचे पोळे सहसा कोणास त्रास देत नाही. मात्र त्या जागी उंच काठीला तांबडी चिंधी बांधून खूण करावी. निंदण, डवरणी, वेचणी व तोडणीसाठी येणाऱ्या मजुरांना काम सुरू करण्यापूर्वी ती जागा दाखवावी. संत्र्याच्या झाडास शिडी लावण्यापूर्वी झाडाच्या आतल्या फांद्या पाहून घेण्याची सवय ठेवावी. डंख होण्याचे प्रसंग बहुतेक वेळा पोळे ठाऊक नसल्यामुळे घडतात. पोळे ठाऊक असले की माणूस त्यास वळसा घालून जातो.

एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तर पोळे काढावे. दाराची चौकट, न्हाणीघर, गोठ्याची गव्हाण, मुलांच्या खेळण्याची जागा, शाळा-अंगणवाडीचा व्हरांडा ही ठिकाणे यांत येतात. विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरची पेटी ही विशेष धोक्याची जागा होय. रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या वेळी शेतकरी अंधारात ती पेटी उघडतो, आणि आत पोळे असेल तर डंख नेमका तोंडावर बसतो. विजेचा धक्का व विहिरीत तोल जाणे हे धोके त्यात आणखी मिसळतात. पेटी उघडण्यापूर्वी तिच्या फटींवर प्रकाश टाकून पाहणे हा नियम करावा.

मोठ्या गांधिलीचे पोळे, मग ते ढोलीत, भिंतीत वा जमिनीत कोठेही असो, घरच्या माणसांनी काढण्याचा प्रयत्न करू नये. बडनेरा हे अमरावती महानगरपालिकेच्या हद्दीत येते. तेथील रहिवाशांनी महानगरपालिकेकडे व खेड्यांतील लोकांनी ग्रामपंचायतीकडे सूचना देऊन अनुभवी माणसाची मदत मिळवावी. तोवर त्या जागेभोवती काटेरी फांद्या टाकून येजा बंद करावी व जवळ बांधलेली जनावरे हलवावीत. दावणीस बांधलेल्या बैलास पळता येत नाही, म्हणून माश्या उठल्या तर सर्वांत अधिक डंख त्यालाच बसतात.

करू नयेत अशा गोष्टी

टेंभा किंवा जाळ लावू नये. ज्या ऋतूत पोळी मोठी असतात त्याच ऋतूत घरात कापूस साठविलेला असतो आणि गोठ्यापाशी कडबा, कुटार व तुराट्या रचलेल्या असतात. जळत्या पोळ्याची एक ठिणगी वर्षाचे उत्पन्न राख करावयास पुरेशी आहे. रॉकेल वा पेट्रोल ओतणेही तितकेच अविचाराचे होय.

शेतीची कीटकनाशके पोळ्यावर मारू नयेत. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उघड्या शेतात, वाहत्या वाऱ्यात जे औषध माणसाचा जीव घेऊ शकते, ते वळचणीला डोक्यावर उभे राहून फवारले असता चेहऱ्यावर, पिण्याच्या पाण्यावर आणि गुरांच्या चाऱ्यावरच पडणार, हे सांगावयास नको. पूर्वीच्या पिढीत पोळ्यासाठी बी.एच.सी. भुकटी वापरीत. ती १९९७ पासून बंद आहे. घराघरांतून वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस हे औषधही ३१ डिसेंबर २०२० पासून संपूर्ण बंद करण्यात आले आहे. माळ्यावर जुनी बाटली पडून असेल तर ती वापरू नये, नदीनाल्यात ओतू नये अथवा दुसऱ्यास देऊ नये. ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंद ठेवून तिच्या विल्हेवाटीविषयी तालुका कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा.

भिंतीतील पोळ्याचे तोंड मातीने वा सिमेंटने लिंपू नये. कोंडलेल्या माश्या दुसरी वाट कोरतात व ती घराच्या आतील बाजूस निघण्याचा संभव असतो. तसेच शिडीवर अथवा मोढ्यावर उभे राहून पोळ्यास हात घालू नये. माशी डसली की माणूस हिसका देतो, आणि अशा वेळी डंखापेक्षा पडण्याने होणारी इजा मोठी ठरते. दगड मारण्याची मुलांना सक्त मनाई असावी.

पोळे काढण्याची रीत

खालील रीत केवळ लहान गांधिलीच्या, उघड्या व जमिनीवर उभे राहून पोहोचता येईल अशा पोळ्यासाठी आहे.

वेळ : सूर्यास्तानंतर पूर्ण अंधार पडल्यावर हे काम करावे. त्या वेळी सर्व माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात व सहसा उडत नाहीत. दिवसा काढल्यास बाहेर गेलेल्या माश्या परत येऊन त्याच जागी घोंगावत राहतात. विजेरीच्या काचेवर तांबडा कागद अथवा कापड बांधावे, कारण तांबडा प्रकाश या माश्यांना फारसा दिसत नाही. विजेरी हातात न धरता बाजूस ठेवावी. डोक्यावरील घरातील दिवे बंद ठेवावेत.

पोशाख : जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर आणखी एक सदरा, पायजम्याचे काठ मोज्यांत खोवलेले, पायांत बूट, हातांत जाड मोजे, डोक्यास टोपी व तिच्यावरून मच्छरदाणीचे कापड गळ्यापर्यंत सोडून बांधलेले, असा सरंजाम असावा. पूर्वी डंखाने गंभीर त्रास झालेल्या माणसाने हे काम कदापि करू नये. मदतीस एक माणूस थोड्या अंतरावर उभा असावा आणि मागे हटण्याची वाट मोकळी असावी.

द्रावण : एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासण्याचा पातळ साबण अथवा किसलेला कपड्यांचा साबण विरघळवून फेसाळ द्रावण करावे. कीटक अंगावरील बारीक छिद्रांवाटे श्वास घेतात. साधे पाणी त्या छिद्रांवरून ओघळून जाते, परंतु साबणाचे पाणी आत शिरते व माशी थोड्याच वेळात निर्जीव होते. हे द्रावण कीटकनाशकाच्या जुन्या पंपात भरू नये. बाजारात मिळणारा लहान हातपंप केवळ याच कामासाठी ठेवावा.

कृती : वाऱ्याची पाठ धरून, दोन-अडीच मीटर अंतरावरून पोळ्यावर एकदम व भरपूर फवारा मारावा. पोळे सर्व बाजूंनी भिजेपर्यंत थांबू नये. माश्या खाली गळून पडल्यावर आणखी एकदा फवारावे व मागे हटून पंधरा मिनिटे वाट पाहावी. नंतर लांब बांबूने पोळे देठापासून पाडावे. पडलेले पोळे चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवावे व सकाळी पुरून टाकावे. जमिनीवर पडलेल्या माश्यांना अनवाणी पायाने तुडवू नये. मृतप्राय माशीही डंख मारू शकते. स्टार्टरची पेटी अथवा विजेच्या मीटरजवळ पाण्याचा फवारा मुळीच मारू नये. तेथील पोळ्यासाठी प्रथम मुख्य पुरवठा बंद करावा व हे काम वीजतंत्र्याच्या उपस्थितीत व्हावे.

नुकतेच सुरू झालेले, चार-दोन घरांचे व एकदोन माश्यांचे पोळे असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. रात्री एक फवारा व बांबूचा एक टोला पुरेसा होतो. यावरून वेळीच पाहणी करण्याचे महत्त्व लक्षात येईल.

पुन्हा पोळे होऊ नये म्हणून

पोळे काढल्यावर देठाची जागा साबणाच्या पाण्याने घासून तेथे चुन्याचा हात द्यावा. गोठ्याच्या बांबूंची पोकळ टोके मातीने बुजवावीत. भिंतींच्या भेगा व टिनाखालील फटी, त्यांत माश्या नाहीत याची खात्री करून, बंद कराव्यात. इंधनाच्या पऱ्हाट्या घराच्या भिंतीस लावून न ठेवता थोड्या दूर रचाव्यात आणि ढिगातून काटक्या ओढण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. दर आठवड्यास एकदा घराभोवती फेरी मारून वळचण, जिन्याखालची जागा व लिंबू-डाळिंबाच्या झाडांची आतील बाजू पाहावी.

वऱ्हाडातील उन्हाळ्यात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाऊस सुरू झाल्यावर बंद केलेला कूलर पुढील मार्चपर्यंत खिडकीतच राहतो, आणि त्याच्या जाळीआड पोळे होण्यास निवांत जागा मिळते. कूलर सुरू करण्यापूर्वी, पुरवठा बंद ठेवून, तिन्ही बाजूंच्या जाळ्या दुरून तपासाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत माश्या पाण्यासाठी कूलरवर व रांजणावर गर्दी करतात. अशा वेळी त्यांना झोडपण्याऐवजी परसात दूरच्या कोपऱ्यात खापराच्या परळात दगड घालून पाणी ठेवावे. माश्या तेथे वळतात व पाखरांचीही सोय होते.

डंख झाल्यास

माश्या उठल्या असता हातवारे करू नयेत. चेहरा झाकून सरळ रेषेत वेगाने दूर जावे व बंद खोलीत शिरावे. माशी पोळ्याजवळ चिरडू नये, कारण चिरडलेल्या माशीतून सुटणाऱ्या वासाने इतर माश्या चवताळू शकतात.

एकदोन डंखांनी होणारी आग व सूज बहुधा एकदोन दिवसांत ओसरते. जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची घडी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा, आणि डंख हातास असेल तर अंगठी व बांगड्या सूज येण्यापूर्वीच काढाव्यात. डंख कातडीत रुतलेला दिसला तर तो मधमाशीचा होय. तो नखाने खरवडून ताबडतोब काढावा. चिखल लावल्याने जखम दूषित होण्याचा व चुना लावल्याने कातडी भाजण्याचा धोका असतो. लोखंड घासल्याने विष उतरत नाही.

खरा धोका निराळा आहे. काही माणसांच्या शरीरात एकाच डंखानेही तीव्र प्रतिक्रिया उसळते. काही मिनिटांत सर्व अंगावर गांधी उठणे, ओठ व चेहरा सुजणे, आवाज बसणे, श्वास लागणे किंवा घरघरणे, उलटी, भोवळ व शुद्ध हरपणे ही तिची लक्षणे होत. यांपैकी कोणतेही लक्षण डंखाच्या जागेपासून दूर, शरीरात अन्यत्र दिसले, तर तो जिवावरचा प्रसंग समजावा. यावर खरा उपाय मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच आहे व त्यात मिनिटामिनिटाचे मोल असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येण्यास विलंब होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय गाठावे. रुग्णास चालवू नये. आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असल्यास टेकवून बसवावे. मांत्रिकाकडे नेण्यात घालवलेला अर्धा तास पुन्हा मिळत नाही. एकदा असा त्रास झालेल्या माणसास पुढील डंख अधिक धोक्याचा ठरू शकतो, म्हणून त्याने डॉक्टरांचा सल्ला घेऊन ठेवावा.

तोंडात वा घशात डंख झाला, लहान मुलास एकाहून अधिक डंख झाले, अथवा कोणासही पुष्कळ डंख बसले, तर लक्षणे नसतानाही रुग्णालयात न्यावे. अनेक डंखांचे विष स्नायू व मूत्रपिंड यांना इजा करू शकते. पुढील दोन-तीन दिवसांत लघवी कमी होणे किंवा तिचा रंग तांबडा-काळसर होणे ही त्याची खूण आहे.

गांधीलमाशी आपल्या पोळ्यासाठी लढते. पोळ्यापासून दूर, पिकावर अळी शोधीत असता ती कोणाच्या वाटेस जात नाही. हा तिचा स्वभाव ओळखून जो शेतकरी दारावरचे पोळे वेळीच व सुरक्षित रीतीने काढील आणि धुऱ्यावरचे खूण करून राखील, त्याच्या घरची मुलेमाणसे निर्धास्त राहतील व भाजीच्या वाफ्याची राखणही होईल. पिकावरील मित्रकीटकांची ओळख व जैविक कीडनियंत्रण यांविषयी अधिक माहिती हवी असल्यास बडनेऱ्याजवळील दुर्गापूरचे कृषी विज्ञान केंद्र अथवा आपल्या गावचे कृषी सहायक यांच्याकडे विचारणा करावी. या आठवड्यात मात्र प्रत्येकाने एक काम अवश्य करावे : घराभोवती एक फेरी मारून वळचणी पाहाव्यात, आणि १०८ हा क्रमांक घरातील मुलांच्याही तोंडपाठ करून घ्यावा.